त्रेसष्ट इंच पन्हा, शंभर मीटर ताका

भिवंडीच्या कापडबाजारात कोऱ्या कापडाची ओळख एका ओळीत सांगतात: ३० × ३० / ६८ × ६४, पन्हा ६३. ज्याला ही ओळ वाचता येते त्याच्या डोळ्यांसमोर कापड उभे राहते. ताण्यात तीस नंबरचे सूत, बाण्यातही तीसच. एका इंचात अडुसष्ट उभे धागे आणि चौसष्ट आडवे. रुंदी त्रेसष्ट इंच. हे चादरीचे कापड. या पाच आकड्यांपैकी एकाच्याही शेजारी एकक लिहिलेले नसते. ते लिहायची गरज आजवर कुणाला वाटली नाही, कारण विकणारा, घेणारा आणि विणणारा तिघेही एकाच बाजारात वाढलेले होते. मात्र हेच कापड विकताना त्याची लांबी मीटरमध्ये मोजतात. त्यासाठी लागणारे सूत किलोने येते आणि तयार कापडाचे वजन ग्रॅममध्ये सांगतात. एकाच ताक्याची रुंदी इंचात, लांबी मीटरमध्ये, घट्टपणा इंचामागच्या धाग्यांत, वजन ग्रॅममध्ये आणि सुताचा बारीकपणा अशा मापात, ज्यात वार आणि पौंड दडलेले आहेत. वस्तूच्या वर्णनात मेट्रिक आणि इंग्रजी मापांची सरमिसळ झाली की काय होते, हे पाहायला भिवंडीपेक्षा योग्य जागा महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही.

सुताच्या नंबरापासून सुरुवात करावी लागेल, कारण सगळ्या गोंधळाची गाठ तिथे आहे. तीस नंबर म्हणजे एका पौंडात सुताच्या तीस लडी आणि प्रत्येक लड ८४० वारांची. ही लँकेशायरच्या गिरण्यांची मोजणी आहे आणि जगभरचा सुती धाग्याचा व्यापार आजही तिच्यावर चालतो. इथे लांबी वाढते आणि वजन तेच राहते, म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. याच बाजारात पॉलिस्टरचा धागा येतो तो डेनियरमध्ये. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. तिथे लांबी तीच राहते आणि वजन वाढते, म्हणून आकडा मोठा तितका धागा जाड. चाळीसवरून साठवर गेलो तर सुती धागा बारीक होतो, पॉलिस्टरचा जाड होतो. मेट्रिक पद्धतीत यावर तोडगा म्हणून टेक्स हे माप आहे: हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, मग धागा कशाचाही असो. तीस नंबरचे सूत टेक्समध्ये १९.७ भरते आणि डेनियरमध्ये १७७. तीनही आकडे एकाच धाग्याचे आहेत. आकड्यापुढे एकक नसेल, तर नवख्याला यातला कुठला आकडा कुणाचा, हे ओळखायला आधार उरत नाही.

ही सरमिसळ आळसातून आलेली नाही. ती इतिहासातून आली आहे. भारताने वजने व मापांचा प्रमाण कायदा १९५६ साली केला, १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मणांची जागा किलोने आणि वार-फुटांची जागा मीटरने घेतली. या बदलात मराठी माणसाने दोन वेगवेगळ्या गोष्टी केल्या, आणि त्या वेगळ्या आहेत याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पहिली गोष्ट तोळ्याची. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज महाराष्ट्रातल्या सराफाकडे एक तोळा सोने मागितले तर तो १० ग्रॅम मोजतो. नाव जुनेच राहिले, माप बदलले. दुसरी गोष्ट साडीची. सहावारी साडी म्हणजे सहा वार, आणि सहा वार म्हणजे ५.४८६ मीटर. दुकानात आज ती साडेपाच मीटर म्हणून विकली जाते. इथे माप होते तेच राहिले, त्यावरची पाटी बदलली. एका ठिकाणी वस्तू बदलली, दुसऱ्या ठिकाणी फक्त भाषा. दोन्हीला आपण ‘रूपांतर’ हा एकच शब्द वापरतो.

माझ्या मते गोंधळाचे मूळ इथे आहे. दोन मापपद्धती शेजारी शेजारी नांदल्याने कुणाचे नुकसान होत नाही; दोन भाषा येणारा माणूस काही गोंधळलेला नसतो. नुकसान होते ते वस्तूच्या वर्णनात रूपांतर झालेले असताना नाव टिकले की माप टिकले, हे न सांगितल्यामुळे. बांधकामाच्या सळईचे उदाहरण घ्या. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. चार सुती सळई म्हणजे हिशेबाने अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. बाजारात चार सुती म्हणून मिळते ती १२ मिलिमीटरची. सळईचे बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि १२ मिलिमीटरच्या सळईचे क्षेत्रफळ १२.७ च्या सळईपेक्षा जवळपास ११ टक्के कमी भरते. अभियंत्याने १२ मिलिमीटर धरूनच हिशेब केला असेल तर काहीच बिघडत नाही. जुन्या इंची नकाशावरचा अर्धा इंच वाचून कुणी चार सुती आणली, तर बिघडते. टीव्हीच्या खोक्यावरही असेच घडते. तिथे ‘८० सेंमी’ आणि शेजारी ‘३२ इंच’ असे छापलेले असते. काटेकोर ३२ इंच म्हणजे ८१.२८ सेंटिमीटर. अर्थात पडदा खरोखर आहे ८० सेंटिमीटरचा, आणि ३२ हा आकडा त्या आकाराच्या टीव्हीचे नाव म्हणून उरला आहे. दोन्ही आकडे शेजारी छापले, तरी यातले माप कोणते आणि नाव कोणते, हे खोके सांगत नाही.

आता हे भिवंडीच्या मागावर नेऊन पाहू, कारण तिथे दशांश चिन्हापुढचा आकडा पैशात मोजला जातो. समजा, ४० नंबरच्या सुताचा ४००० धाग्यांचा ताणा शंभर मीटर भरायचा आहे. सूत किती लागेल? एकूण धागा चार लाख मीटर. चाळीस नंबरच्या एका पौंडात ४० गुणिले ८४०, म्हणजे ३३,६०० वार सूत असते, मीटरमध्ये ३०,७२४. भागाकार केला की १३.०२ पौंड, म्हणजे ५.९ किलो. जाणते लोक एवढा लांबचा वळसा घेत नाहीत. ते नंबराला १६९३ ने गुणून त्याने मीटर भागतात आणि थेट किलोवर येतात. आता कुणी ८४० वार हे ८४० मीटर समजून तोच हिशेब केला तर? उत्तर येते ५.४ किलो. शंभर मीटरमागे अर्धा किलो सूत कमी, हजार मीटरच्या बीमला पाच किलो. आकुंचन आणि घट यांचा हिशेब वेगळाच. या चुकीचा खरा धोका तिच्या लहानपणात आहे. कुणी पौंडाचा आकडा किलो म्हणून लिहिला, तर सूत दुपटीहून जास्त दिसते आणि पहिल्याच नजरेत कुणीतरी हरकत घेतो. साडेआठ टक्क्यांची चूक मात्र ‘घट जास्त झाली’ या सदरात सहज खपून जाते, आणि मग दोष सायझिंगवाल्यावर, कांडीवाल्यावर किंवा मागावरच्या कामगारावर येतो.

पिकाचे उदाहरण याहून बोचरे आहे. पिक म्हणजे आडवा धागा, आणि मागावरच्या कामगाराची मजुरी पिकावर ठरते: अमुक पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे. इचलकरंजीत मजुरीवाढीची बोलणी ५२ पिकाचे कापड प्रमाण धरून होत आली आहेत. या मजुरीतच दोन मापपद्धती एकत्र आहेत. पिक मोजायचे इंचात, पैसे मोजायचे मीटरमागे. आता बाहेरच्या खरेदीदाराने सेंटिमीटरला २४ धागे असे कापड मागितले, आणि मधल्या माणसाने पूर्णांक करून ऑर्डरवर ‘६० पिक’ लिहिले. साठ पिक म्हणजे सेंटिमीटरला २३.६, चोवीस म्हणजे जवळपास ६१ पिक. फरक मीटरमागे ३८ धाग्यांचा. माग मिनिटाला १५० पिक टाकतो असे धरले, तर शंभर मीटरच्या ताक्यामागे हा फरक पंचवीस मिनिटांचा होतो. कापड साठ पिकाचे विणले तर खरेदीदार ‘धागे कमी’ म्हणून माल अडवतो. मागाचे दातेरी चाक बदलून एकसष्ट विणले, तर मजुरी मात्र वहीतल्या साठ पिकाचीच निघते. दोन्ही वेळा कुणीतरी पदरमोड करतो, आणि ज्याने पूर्णांक केला तो बहुधा यात नसतो.

पन्ह्याचे थोडक्यात सांगतो. त्रेसष्ट इंच म्हणजे १६०.०२ सेंटिमीटर, त्यामुळे या पन्ह्यात भांडण होत नाही. केवळ योगायोगाने दोन्ही आकडे जुळतात. चव्वेचाळीस इंचाचे तसे नाही. तो १११.७६ सेंटिमीटर भरतो. एका कागदावर ११२ होतो, पुढच्या कागदावर ‘१.१ मीटर’ होतो, आणि कुणी तो परत इंचात आणला की ४३.३ इंच उरतो. रूपांतरित आकड्याचे पुन्हा रूपांतर केले की पाऊण इंच हवेत विरतो. त्या आकड्यावरून शर्टाचे कापणीचे कागद बेतणाऱ्याला तो पाऊण इंच कुठे गेला, हे कधीच कळत नाही.

हा प्रश्न जुना असला तरी आज तो अधिक टोकदार होतो आहे, त्याचे कारण यंत्र. भिवंडीचा साधा धोट्याचा माग लँकेशायरच्या घडणीचा. त्याची रुंदी, फणी, पिक सारे इंचात बोलते. मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारी माणसे एकाच गाळ्यात काम करत आली, आणि इंच ही त्यांची सामाईक भाषा झाली. नवे बिनधोट्याचे माग, रेपिअर आणि एअरजेट, युरोप, जपान आणि चीनमधून आले. ते १९० किंवा ३४० सेंटिमीटर अशा रुंदीत येतात आणि त्यांच्या पडद्यावर पिक सेंटिमीटरमध्येही भरता येतो. मागवाल्याच्या डोक्यात इंच, यंत्राच्या पडद्यावर सेंटिमीटर, ऑर्डर मोबाइलवर आणि ऑर्डर देणारा तिरुपूरला किंवा परदेशात. ज्या सामाईक समजुतीमुळे एककाशिवायची ओळ चालून जात होती, ती समजूतच आता सामाईक राहिलेली नाही.

यावर पहिली हरकत अशी येईल की इंच कायद्यानेच बंद करावेत, म्हणजे वादच मिटेल. कायदा तर आहेच. १ एप्रिल २०११ पासून लागू झालेला वैध मापनशास्त्र कायदा, २००९ प्रमाण एककांखेरीज इतर मापात भाव सांगायला मनाई करतो, आणि बंद पाकिटातल्या चादरी, साड्या, टॉवेल यांचे आकार जाहीर करायला नियम लावतो. पण भाव सांगण्याचा हा नियम निर्यातीच्या मालाला लागू नाही, आणि तो असूही नये. अमेरिकेचा ग्राहक इंचात मागत असेल तर त्याला इंचातच सांगावे लागेल. शिवाय सुताच्या नंबरातले वार-पौंड हा कायदा काढू शकत नाही. टेक्स कितीतरी दशके मानकांत आहे. तरी सुताची गिरणी आजही तीस नंबर म्हणूनच विकते, कारण तिचा ग्राहक तसेच विकत घेतो. एका देशाने सक्ती केली, तर रूपांतरे कमी होणार नाहीत. देशाच्या सीमेवर ती आणखी वाढतील.

दुसरी हरकत अनुभवाची: बाजारातल्या माणसाला हे सगळे तोंडपाठ असते, त्याला कागदाची गरज नाही. या हरकतीत तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. भिवंडीच्या जुन्या दलालाने हातात कापड घेऊन भिंगातून धागे मोजले, तर त्याचा आकडा चुकत नाही. पण अनुभव चूक पकडतो ती ओळखीच्या वस्तूतली. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका प्रवासी बोइंग ७६७ विमानाचे इंधन हवेतच संपले. विमान नवे होते आणि त्याचे इंधन किलोत मोजायचे होते. भरताना लिटरचे वजन काढण्यासाठी १.७७ हा गुणक वापरला गेला, जो पौंडांचा होता. किलोसाठी हवा होता सुमारे ०.८०. त्यामुळे गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले. वैमानिक अनुभवी होते, हिशेब पुन्हा तपासलाही गेला, पण प्रत्येकाने तोच गुणक वापरला, आणि त्या गुणकाशेजारी एकक नव्हते. गिमली या जुन्या हवाई तळावर विमान तरंगत उतरवण्याचे कौशल्य याच वैमानिकांनी दाखवले आणि कुणाचा जीव गेला नाही. म्हणून कौशल्य आणि एकक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असले तरी दुसऱ्याची गरज संपत नाही.

तिसरी हरकत, की फरक किरकोळ असतात, तिचे उत्तर वरच्या हिशेबांत आले आहे. त्यात एवढीच भर घालतो की फरक मोठा की लहान हे ठरवायचा अधिकार ज्याच्या खिशातून तो जातो त्याचा आहे. तो फरक कागदावर दिसलाच नाही, तर त्याला हा अधिकार बजावता येत नाही.

हा प्रश्न कापडापुरता नाही. भिवंडीचे दुसरे अंग म्हणजे गोदामे. मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामांचे भाडे चौरस फुटावर ठरते, त्याखालची जमीन सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असते, आणि बोलताना दोघांच्या मध्ये गुंठा येतो. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. पण व्यवहारात एक आर म्हणजे एक गुंठा असे सर्रास बोलतात. हेही तोळ्यासारखेच, नाव टिकले आणि माप सरकले. गोदामाच्या दारात मात्र वेगळ्याच जातीची चूक भेटते. कंटेनर आठ फूट रुंद. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर, रूपांतर अगदी बिनचूक. १.२ मीटर लांबीचे दोन पॅलेट आडवे शेजारी ठेवले तर २.४ मीटर होतात, म्हणून ते बसायला हवेत. ते बसत नाहीत. आठ फूट हे बाहेरचे माप आहे, आत जागा सुमारे २.३५ मीटरचीच मिळते. गुणाकार बरोबर असूनही माल दारात अडतो, कारण मूळ माप कशाचे होते हेच वर्णनात नव्हते. रूपांतराच्या तक्त्यांनी आणि मोबाइलच्या गणकयंत्रांनी गुणाकाराचा प्रश्न केव्हाच सोडवला. राहिला आहे तो वर्णनाचा प्रश्न, आणि तो कुठलेही यंत्र आपल्यासाठी सोडवणार नाही.

म्हणून उपाय साधा आहे आणि तो अमलात आणायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. वस्तू ज्या मापात घडली ते मूळ माप आधी लिहावे, त्याला किती कमीजास्त चालेल हे शेजारीच लिहावे, आणि रूपांतरित आकडा दिलाच तर तो रूपांतरित आहे असे स्पष्ट म्हणावे. रूपांतरित आकड्यावरून पुढचे रूपांतर कुणीही करू नये. प्रत्येक वेळी मूळ मापाकडेच परतावे. मजुरीच्या वहीत पिक लिहिताना तो ऑर्डरच्या कागदावरून घेऊ नये, कापडावर भिंग ठेवून मोजलेला लिहावा, म्हणजे वरचा एक पिक कुणाच्या घामातून निघाला हे तिथेच कळेल. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी आणि कापड व्यापाऱ्यांनी मिळून ऑर्डरच्या चिठ्ठीचा एक नमुना ठरवला, तर हे महिनाभरात रुळेल. ती चिठ्ठी अशी दिसेल: सूत ताणा ३० नंबर, बाणा ३० नंबर, इंग्रजी सुती मोजणी, धागे इंचाला ६८ उभे, ६४ आडवे, मागावरून उतरल्यावर मोजलेले, पन्हा ६३ इंच मूळ, कमीजास्त अर्धा इंच, रूपांतराने १६० सेंटिमीटर, लांबी १०० मीटर मूळ. आजच्या चिठ्ठीपेक्षा ही तीन ओळींनी लांब आहे.